ट्रान्समीटर माझ्याच हातात

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

हेलिकॉप्टर आलं. मॉडेल आहे, हातभर लांबीचं, पण त्याला खेळणं म्हणणाऱ्याचं तोंड बघायची माझी इच्छा नाही. ही तसंच म्हणाली. तिचं तोंड बघावं लागतं.

सोबत ट्रान्समीटर. दोन दांड्या, ढीगभर स्विच, मधे स्क्रीन. दुकानदार म्हणाला की साहेब, सगळं सेटिंग मी करून दिलंय, तुम्ही फक्त मेनूत हात घालू नका आणि पहिल्या वेळी कोणातरी जाणकाराला बरोबर न्या. अशा माणसांचा मला तिटकारा आहे. गिऱ्हाईक बिनडोक असतं हे गृहीत धरूनच हे लोक सकाळी शटर वर करतात.

कशासाठी घेतलं ते लिहून ठेवतो. १५ मार्चला मॉडेल क्लबचा खुला दिवस आहे, सभासद घरच्यांसमोर उडवतात. १६ तारखेला नाना, माझे वडील, ताईकडे कायमचे राहायला जाणार. नानांनी उभं आयुष्य छापखान्यात मशीनं दुरुस्त केली आणि उभं आयुष्य माझ्याबद्दल एकच वाक्य म्हटलं, की याला हात नाहीत. खिळा ठोकायला घेतला की. सायकलची चेन पडली की. हिला बघायला गेलो होतो तेव्हा हिच्या वडिलांसमोरसुद्धा. आता इथून जाण्याआधी त्यांनी एकदा, एकदाच, डोळ्यांनी बघावं की हात आहेत. बाकी मला या वस्तूत काडीचा रस नाही.

संकल्प: रोज एक तास. मॅन्युअल वाचायचं नाही. मी कंपनीत ट्रेनिंग विभागाचा प्रमुख आहे, 'शिकावं कसं' हा माझाच सेशन आहे. मॅन्युअल हे इतरांसाठी असतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

मेनूत हात घातला. दोन मिनिटांत स्क्रीनवरची भाषा बदलली. कोणती झाली तेही कळत नाही. अक्षरांना शेपट्या आहेत. बॅटरीचं चित्र तेवढं ओळखीचं.

कसली ही बेजबाबदार कंपनी. भाषा बदलता येते म्हणून काय बदलू द्यायची?

साडूला फोन करा असं हिचं म्हणणं. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. क्लबचा जुना सभासद. त्याची हेलिकॉप्टरं उलटी उडतात म्हणे. मुद्दाम. त्याला फोन करण्यापेक्षा मी ही भाषा शिकेन.

५ फेब्रुवारी, गुरुवार

भाषा परत आली. चिकाटी. सगळी बटणं सगळ्या प्रकारे दाबत राहिलो. मधेच एकदा मशीनने काहीतरी विचारलं, शेपटीवाल्या अक्षरांत, आणि हो-नाही अशा दोन चौकटी दाखवल्या. मी स्वभावाने पॉझिटिव्ह. पहिली चौकट दाबली.

दुकानदाराने केलेलं सगळं सेटिंग पुसलं गेलं. पाटी कोरी.

नाराज नाही. उलट दुसऱ्याच्या हातचं काही उरलं नाही याचं समाधान आहे. आता जे उडेल ते माझं.

७ फेब्रुवारी, शनिवार

मॉडेलला नाव द्यायचं होतं. एक चाक फिरवलं की अक्षर बदलतं, दाबलं की पुढचं घर. 'विजय' द्यायचं ठरवलं होतं. चाक इतकं निसरडं की हात लावला की पळतं. नाव शेवटी 'एएएएएएक्यू' असं पडलं. खोडायचा प्रयत्न केला तर आणखी एक ए लागला.

असू दे. कोड नेम वाटतं. हिला दाखवलं, ती म्हणाली की कोणीतरी जिन्यावरून पडतंय असं वाटतं. संध्याकाळ गेली. अंगठ्याला घाम येऊन चाक चिकट झालंय. शिसारी आली.

८ फेब्रुवारी, रविवार

क्लबला गेलो. गावाबाहेर गवताळ मैदान, एका कडेला पत्र्याची शेड, शेडखाली टेबलं. टेबलांवर जुन्या तेलाचे डाग आणि मुंग्या. सगळे टोप्या घालून आकाशाकडे तोंडं वासून उभे. सुशिक्षित माणसं आहेत म्हणे.

इथे एक अपमानास्पद पद्धत आहे. नवीन माणसाने मोटर सुरू करण्याआधी पाती काढून टेबलावर सगळं तपासून घ्यायचं, तेही दुसऱ्याकडून. स्वतःचं स्वतः तपासलेलं चालत नाही. सेक्रेटरी दातांचा डॉक्टर आहे. त्याने माझं मशीन डोळ्यांसमोर धरलं आणि नाकातून आवाज काढला. पेशंटच्या तोंडात बघताना काढत असेल तोच. म्हणाला की तुम्ही दांडी उजवीकडे नेली की हे डावीकडे झुकतंय. मी म्हणालो, मग मी दांडी डावीकडे नेईन. त्याला वाटलं मी विनोद केला. मी विनोद करत नव्हतो. माणूस बुद्धिमान असेल तर मशीनला बदलायची गरजच काय.

त्याने उडवू दिलं नाही. मेनूत दिशा उलटी करून या म्हणाला. सगळ्यांसमोर. साडू लांब उभा राहून आपल्या ट्रान्समीटरच्या दांड्या मऊ फडक्याने पुसत होता. ऐकलं असणार. ऐकलं नाही असं दाखवत होता, हा त्याहून मोठा अपमान.

परत येताना खिडक्या बंद ठेवल्या. मैदानाचा वास कपड्यांना लागलाय.

११ फेब्रुवारी, बुधवार

साडू घरी आला. सहज आलो म्हणाला. सहज कोणी येत नाही, हिने बोलावलं असणार. बैठकीत बसून फार हळू आवाजात म्हणाला की तुम्हाला हवं असेल तर एका बसण्यात सगळं सेट करून देतो. त्याचा आवाज नेहमी हळू. मला हळू बोलणारी माणसं आवडत नाहीत. ती जे बोलत नाहीत ते जास्त ऐकू येतं.

सांगितलं की माझी लर्निंग प्रोसेस मला डिस्टर्ब करायची नाही. तो बरं म्हणाला. मग नानांशी गप्पा मारत बसला. नानांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, दुसऱ्याने धूसर दिसतं, तरी हसत होते. माझ्याशी बोलताना ते हसल्याचं मला आठवत नाही.

तो गेल्यावर ही म्हणाली की नाचता येईना अंगण वाकडं. कोणाला उद्देशून, ते विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.

आज क्लबला गेलो नाही. घरीच महत्त्वाचं काम काढलं. कर्व्ह.

दांडी किती वर केली की मोटर किती जोरात फिरणार, हे एका रेषेने ठरवायचं असतं. तिच्यावर ठिपके असतात, ते वर-खाली सरकवायचे. कंपनीची रेषा सरळ, रटाळ. मी तिला छान वळण दिलं. ऑफिसच्या वाढीचा ग्राफ असावा तशी झाली. असल्या दोन-तीन रेषा ठेवता येतात, एका स्विचने बदलायच्या. दुसरी मी अजून भारी केली, सुरुवातीपासूनच उंच.

मशीन सारखं टूं-टूं करून वॉर्निंग देत होतं. वॉर्निंग बंद करायचा पर्याय सापडला. सगळ्या बंद केल्या. केवढी शांतता.

पाती लावलेली होती. जेवणाच्या टेबलावर ठेवून बॅटरी जोडली आणि तो स्विच काय करतो ते बघितलं.

१५ फेब्रुवारी, चालू. संध्याकाळ.

पडदा गेला. हिची खिडकीतली कुंडी गेली. झुंबराची एक काच गेली. हेलिकॉप्टर पडद्यात गुंडाळलं गेलं म्हणून थांबलं, नाहीतर पुढे फ्रीज होता. मी टेबलाखाली होतो. तिथून बॅटरी काढता येत नव्हती.

आतल्या खोलीतून नानांनी विचारलं की मिक्सर बिघडला का. मी हो म्हणालो. त्यांनी विचारलं की तू उघडला होतास का.

हिने झाडू आणून माझ्या हातात दिला. मातीचा चिखल, काचा, पडद्याचा भुगा. पाऊल ठेवीन तिथे किळसवाणं काहीतरी. यापुढे ते यंत्र घरात सुरू झालं तर दोघांनी पार्किंगमध्ये राहायला जायचं, असा निकाल लागला. दोघांनी म्हणजे मी आणि यंत्र.

तरी एक गोष्ट सिद्ध झाली. मोटर चालते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसात 'शिकायला वय नसतं' हा सेशन घेतला. स्वतःचं उदाहरण दिलं. स्लाइडवर हेलिकॉप्टरचा फोटो, खाली 'अपयश हा फीडबॅक आहे'. टाळ्या. मागच्या रांगेतल्या, क्लेम्स विभागातल्या मुलीने हात वर करून विचारलं की सर, उडलं का? मी म्हणालो की प्रश्न चुकीचा आहे, आपण रिझल्टकडे नाही, प्रोसेसकडे बघतो. तिने ते लिहून घेतलं. लिहिताना हसत होती. आजकालच्या मुलांच्या हसण्यात मला एक प्रकारचा ओशटपणा जाणवतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

दातांच्या डॉक्टरने तपासलं, या वेळी पास केलं. दांडीची दिशा मी बरोबर केली होती. जवळजवळ सगळ्या दांड्यांची. त्याने जाता जाता विचारलं की जायरो हाताने फिरवून बघितलात ना. जायरो म्हणजे शेपूट एका जागी धरून ठेवणारी डबी. मेनूत तिला दोन दिशा आहेत, सरळ आणि उलट. सरळ कोणीही निवडेल. मी उलट निवडली होती. बघितलं म्हणून सांगितलं.

सुरू केलं. जमिनीवरून वीतभर उठलं आणि स्वतःभोवती फिरायला लागलं. आधी हळू, मग लट्टूसारखं. जेवढं धरायला जावं तेवढं जास्त. मग बाजूला झुकून त्याने गवत कापलं, माती उडवली, पाती मोडली, शेपटीची नळी वाकली. बारका दगड उडून एकाच्या थर्मासला लागला. तो थर्मास उचलून बघत राहिला, माझ्याकडे बघितलं नाही.

वारा होता. आज वाऱ्याची दिशा चमत्कारिक होती. बाकीच्यांची उडत होती, पण त्यांना वाऱ्याची सवय आहे.

तोंडात माती गेली. घरी येऊन तीनदा चूळ भरली तरी दातांत कचकच. मैदानावर डॉक्टरने विचारलं होतं की बघू का. नको म्हणालो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी झालं. आज पट्टी पूर्ण निघाली. आता लख्ख दिसतंय म्हणतात. घरी आल्यापासून एकेक सांगताहेत. पंख्यावर धूळ आहे. पडदा नवीन आहे. हिला म्हणाले की तू वाळलीस गं. मला म्हणाले की केस रंगवतोस वाटतं.

पण बातमी चांगली आहे. १५ मार्चला सगळं स्पष्ट दिसेल. मला तर वाटत होतं की लांबून एक ठिपका हलताना दिसला त्यांना तरी पुरे. आता मी कसा उडवतो हे बारकाईने बघतील.

त्यांना सांगून टाकलं की हेलिकॉप्टर उडतं. उडवतोच आहे दर रविवारी. थोडं पुढचं सांगितलं, एवढंच.

४ मार्च, बुधवार

गॅलरीत नाना ऊन खात बसले होते. ट्रान्समीटर दाखव म्हणाले. मांडीवर घेऊन बराच वेळ उलटासुलटा केला. हे काय, ते काय. मी प्रत्येक स्विचचं काम सांगितलं. काहींचं मला माहीत होतं. मग विचारलं की घोटाळा झाला तर मोटर बंद कशाने होते. दाखवलं. तो स्विच त्यांनी खट्कन ओढला तर स्क्रीनवर दुसरी कर्व्ह आली, ती कुंडीवाली.

त्यांनी तो परत माझ्या हातात दिला आणि आपला हात पंच्याला पुसला.

ते हात पुसणं. लहानपणी मी स्क्रू उलटा बसवला की असाच हात पुसून स्वतः बसवायचे. सहा वर्षांचा असल्यापासून मला त्या हात पुसण्याची चीड आहे. आज पंचावन्नाव्या वर्षीही कानशिलं तापली. उठून आत गेलो आणि मेनूत जाऊन मोटर बंद करायचा स्विच शोधला. सापडला. त्याला 'होल्ड' म्हणतात. दुसऱ्या बाजूला असतो.

उद्यापासून मॅन्युअल वाचणार.

५ मार्च, गुरुवार

मॅन्युअल मिळत नाही. हिने सांगितलं की पडद्याच्या भुग्याबरोबर गेलं असेल. बरं झालं. कागद घाणेरडा होता.

८ मार्च, रविवार

दुसऱ्यांदा पडलं. लिहायचं नव्हतं. जायरो सरळ केला होता, होल्ड शिकलो होतो, नवीन पाती, नवी नळी. वर गेलं, पुरुषभर उंच गेलं. थांबलं हवेत. मी उडवत होतो. मग ते थोडं माझ्याकडे वळलं आणि तोंड माझ्याकडे झाल्यावर डावं-उजवं उलटं होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं होतं, तसं बघितलं तर. मी डावीकडे नेलं, ते शेडकडे आलं. सगळे टेबलांखाली गेले. मी घाबरून होल्ड ओढला. हा स्विच एकदम बंद करतो. तेही एकदम पडलं.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. सगळ्यांनी तुकडे गोळा करायला मदत केली, एक-एक स्क्रू शोधून दिला. मला त्या दयेचा वीट आला. गाडीत जाऊन बसलो. डोळ्यात धूळ गेली होती. रडूही आलं. नुसती धूळ म्हणून लिहिणार होतो, पण ही वही कोण वाचणार आहे.

सात दिवस राहिले. नाना जातील आणि ताईच्या घरी, शेजारपाजारच्या पुढे, माझ्याबद्दल तेच वाक्य म्हणतील. आणि मला ते खोटं ठरवता येणार नाही.

९ मार्च, सोमवार

साडू आला. मोडकं हेलिकॉप्टर आधीच क्लबमधून उचलून नेलं होतं, दुरुस्त करतोय म्हणाला. मग त्या हळू आवाजात एक उपाय सांगितला. दोन ट्रान्समीटर बिनतारी जोडता येतात, गुरू आणि शिष्य. हेलिकॉप्टर खरं गुरूच्या ट्रान्समीटरचं ऐकतं. गुरूने एक स्विच दाबून धरला की ताबा शिष्याकडे जातो. सोडला की परत गुरूकडे. चुकलं तर सावरता येतं. तो माझ्या मागे दोन पावलं उभा राहील, समोरून फारसं कळायचं नाही. नानांना तर नाहीच, ते वर हेलिकॉप्टरकडे बघत असतील.

गुरू हा शब्द मी बदलून घेतला. को-पायलट ठरलं. या अटीवर मान्य केलं.

माझ्या ट्रान्समीटरमधलं सगळं त्याने बघितलं. कर्व्ह दोनदा उघडून बघितली. नाव वाचून 'एएएएएएएक्यू' काय आहे असं विचारलं. कोड नेम म्हणालो. बरं म्हणाला.

१४ मार्च, शनिवार

ताई आली, उद्या क्लबला तीही येणार. परवा सकाळी नानांना घेऊन जाईल.

सकाळी मैदानावर रिहर्सल झाली. साडूने ताबा दिला, मी जागच्या जागी धरलं. त्याने परत घेतला. परत दिला. शेवटच्या वेळी मोजून चार-पाच श्वास सलग माझ्याकडे होतं. म्हणजे जवळजवळ येतंच आहे. उद्या मी त्याला स्विच शेवटपर्यंत सोडायचा नाही असं बजावलं. तो म्हणाला की जमेल तेवढं देतो.

घरी हिचं म्हणणं, आयत्या बिळावर नागोबा. मी सांगितलं की याला टीमवर्क म्हणतात, माझा दोन तासांचा सेशन आहे त्यावर.

दोन मिनिटांचं भाषण लिहून ठेवलं आहे. लँडिंगनंतर विनंती झाली तर.

१५ मार्च, रविवार. संध्याकाळ. सहा वाजून गेलेत.

उडवलं.

सावकाश लिहितो, काही निसटायला नको. मैदान तेच. पण आज टेबलावर मुंग्या दिसल्या नाहीत, तेलाचा वास आला नाही. नानांना पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. काळा चष्मा, मांडीवर हात. ताई आणि ही मागे. माझं नाव पुकारलं तेव्हा मधे जाऊन पाय रोवून उभा राहिलो. ट्रान्समीटर गळ्यात अडकवला. आज तो हाताला अगदी हलका वाटत होता. तयारी झाली की हत्यार हलकं होतं. स्विच ऑन केला. साडूने मागून हळूच विचारलं की चालू आहे ना. मला इतकी चीड आली की वळून बघितलंही नाही. चालू आहे म्हणालो. ऊन असं कडक की स्क्रीन काळी दिसत होती. मला स्क्रीनची आता गरज नाही. टूं-टूं नाही, कुरकुर नाही. पहिल्यांदाच ते यंत्र माझ्यापुढे गप्प होतं.

मागून साडूच्या स्विचची दोन-तीनदा खटखट ऐकू आली. मग म्हणाला की ठीक आहे, सुरू करू.

वर गेलं. काय वर गेलं. जागच्या जागी उभं राहिलं, खुंटीला टांगल्यासारखं. मी दांडी पुढे नेली, ते पुढे गेलं. एक मोठा गोल, शेडच्या बाजूने, झाडाच्या बाजूने, परत समोर. तोंड माझ्याकडे झालं तरी मी गोंधळलो नाही. एकदोनदा तर असं झालं की मी फक्त मनात आणलं आणि ते वळलं, अंगठा हलायच्या आत. याला एकरूपता म्हणत असतील. लोक हे आयुष्यभर सराव करून मिळवतात. मला शिकवायला कोणी नव्हतं म्हणून लवकर मिळालं.

उतरवलं. गवतावर पान टेकावं तसं. टाळ्या. दातांच्या डॉक्टरने हात मिळवला. हिचे डोळे भरले होते, तिने ताईकडे बघितलं आणि ताईने माझ्याकडे. साडूला म्हणालो की आज स्विच सोडला नाहीस ना. तो म्हणाला की छान झालं. घाम पुसत होता, त्याला एवढ्याशा उन्हाचा घाम येतो.

नानांनी गाडीत बसताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि बसल्यावरही हात तसाच ठेवला. थोडा वेळ. भाषणाची विनंती झाली नाही, पण खिशातला कागद मी काढलाही नाही. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. दीड महिना ज्या ज्या माणसांची, डागांची, वासांची किळस केली त्या सगळ्यांना मी आज माफ केलं.

पुढचा संकल्प: उलटं उडवायचं.

१६ मार्च, सोमवार. सकाळी.

नाना गेले. घर रिकामं आहे. लिहितो आणि संपवतो.

निघायच्या गडबडीत ही स्वयंपाकघरातून म्हणाली की तुमची ही बॅटरी प्लगमधून काढा, मला पाणी गरम करायचंय. मी म्हणालो कुठली बॅटरी. गेलो तर ओट्यावर चार्जर, चार्जरला ट्रान्समीटरची बॅटरी, हिरवा दिवा. शनिवारी संध्याकाळी मीच काढून लावली होती, फुल असावी म्हणून. त्यानंतर ती तिथून हललीच नव्हती. मी ट्रान्समीटर आणून मागचं झाकण उघडलं. आत पोकळी. एक मेलेला किडा.

किती वेळ उभा होतो माहीत नाही. मग साडूला फोन लावला. तो म्हणाला की हो, तुमचा सिग्नल येत नव्हता. ते सुरुवातीलाच कळलं होतं. पण नाना पुढे बसले होते, म्हणून म्हटलं, राहू दे. फार हळू म्हणाला.

मला त्याचा राग यायला हवा होता. शोधला. आला नाही. स्वतःची मात्र अशी किळस वाटली की चहा तसाच ठेवला.

तरी नानांना माहीत नव्हतं, एवढा आधार होता. तो घेऊन खाली गेलो. सामान चढवलं. ताई पुढे बसली. नानांना मागे बसवलं, उशी दिली, पट्टा लावायला गेलो तर त्यांनी स्वतः लावला. मग काच खाली करून मला जवळ बोलावलं. म्हणाले की तुझा साडू माणूस चांगला आहे, त्याला सोडू नकोस. मी हो म्हणालो. म्हणाले की काल मला दोघेही दिसत होतात. त्याची बोटं सारखी चालली होती. तुझीही चालली होती, पण वेगळीच.   मग त्यांनी खिडकीतून हात काढून माझा हात धरला, पुसला नाही, आणि म्हणाले की तू उभा मात्र छान राहिला होतास.

गाडी गेली. वर येऊन वही काढली. उभं राहणं हेही एक कौशल्य आहे, त्यावर एक सेशन होऊ शकतो, असं लिहायला घेतलं आणि खोडलं. नानांनी माझं कौतुक केल्याचं मला दुसरं आठवत नाही. आणि ते काही उगाच बोलणारे नाहीत. मी खरंच छान उभा होतो.